आवाज फुटण्याच्या वयातलं गाणं : माध्यमिक शाळेतल्या संगीतशिक्षणाची एक तपासणी

व्याख्यानमालेच्या संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो ‘शाळा आणि संगीत’ असा. तो फार मोठा आहे. बालवाडीतल्या बडबडगीतांपासून विद्यापीठाच्या एम. ए.पर्यंत सगळं त्यात येतं. म्हणून आम्ही तो मुद्दाम लहान करून घेतला आहे. आज बोलायचं ते फक्त आठवी ते दहावीबद्दल, म्हणजे तेरा ते सोळा या वयाबद्दल. आणि ‘आम्ही’ म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. आम्ही काही जण शाळेत शिकवतो, काही जण संध्याकाळी संगीताचे क्लास घेतो. हे टिपण सगळ्यांनी बसून केलं आहे, बोलतोय मात्र एकजण. तेव्हा यात जे कडू वाटेल ते आमच्या सगळ्यांच्या नावावर धरा.

आमचं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे पुढं ऐकताना तुम्हाला ते तपासता येईल. आपल्या माध्यमिक शाळांमध्ये संगीताची निवड होते, स्पर्धा होते, प्रदर्शन होतं आणि संगीताचे गुणही मिळतात. या सगळ्यात एक गोष्ट फार थोडी होते, ती म्हणजे शिकवणं. ज्याला आधीच येतं तो पुढं जातो, ज्याला येत नाही तो प्रेक्षकांत बसतो. गणिताच्या तासाला असं चालेल का हो? ज्यांना बीजगणित येतं त्यांनीच फळ्यावर यावं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात! पालक दुसऱ्या दिवशी शाळेत हजर होतील. संगीताच्या बाबतीत मात्र कोणालाही यात काही वावगं वाटत नाही.

शाळेत गाणं कुठं असतं?

आधी बघू या की शाळेत गाणं नेमकं कुठं भेटतं. सकाळचा परिपाठ. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी. स्नेहसंमेलन, म्हणजे आपलं गॅदरिंग. आणि आंतरशालेय समूहगीत स्पर्धा. यातल्या शेवटच्या तीन ठिकाणी निवडक मुलं गातात. सगळ्या शाळेनं रोज गायचं असं ठिकाण एकच, परिपाठ. म्हणून संगीतशिक्षणाची तपासणी करायची तर ती तिथूनच सुरू करायला हवी.

परिपाठाला काय गायलं जातं? राष्ट्रगीत असतं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचं राज्यगीतही आहे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज. त्याखेरीज एक प्रार्थना. प्रार्थना शाळेगणिक वेगळी असते, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत ती तीन चित्रपटांपैकी एकातली निघेल. ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ चा, ‘गुड्डी’ १९७१ चा आणि ‘अंकुश’ १९८६ चा. पहिल्या दोन्ही प्रार्थनांचं संगीत वसंत देसाईंचं आहे. सावंतवाडीकडच्या मातीतला हा संगीतकार. त्याच्या दोन चाली देशभरातली मुलं दररोज सकाळी गातात आणि त्याचं नाव बहुतेकांना ठाऊक नसतं. खरं तर इथूनच संगीताचा एक चांगला धडा सुरू होऊ शकतो. रोज गातो ते कोणी बांधलं, कशासाठी बांधलं, चित्रपटात ते कोण गातं, कैदी गातात की शाळेतल्या मुली? पण परिपाठात प्रार्थना गाण्यासारखी म्हटलीच जात नाही. ती हजेरीसारखी म्हटली जाते.

आता एक तांत्रिक गोष्ट. या तिन्ही प्रार्थनांच्या मूळ ध्वनिमुद्रणात मुख्य आवाज कोणाचे आहेत? लता मंगेशकर, वाणी जयराम, पुष्पा पागधरे आणि सुषमा श्रेष्ठ. सगळे स्त्रियांचे आवाज. पेटीच्या भाषेत सांगायचं तर आपल्याकडे गाणाऱ्या बायकांचा सा साधारण काळी चार-पाचच्या आसपास असतो, पुरुषांचा काळी एकच्या आसपास. शाळेत प्रार्थना सुरू होते ती एक तर मोबाईलवरच्या मूळ ट्रॅकवर, नाहीतर माईकसमोर उभ्या असलेल्या तीन-चार मुलींच्या पट्टीत. पाचवी-सहावीच्या मुलामुलींना ती पट्टी सोसते. आता नववी-दहावीच्या रांगेकडे बघा. मुलगे गात नाहीत. ओठ हलतात, किंवा तेही हलत नाहीत. मागून एखादा घोगरा आवाज खाली कुठंतरी भरकटतो, शेजारचे फिदीफिदी हसतात आणि शारीरिक शिक्षणाचे सर रांगेतून फिरत दरडावतात, “तोंडं शिवली आहेत का रे तुमची?”

आमचं म्हणणं असं की तोंडं शिवलेली नसतात. त्यांना त्या पट्टीत गाताच येत नाही.

घशात काय घडतं

आपण ‘आवाज फुटला’ असं म्हणतो. शब्द मोठा नेमका आहे, कारण भांडं फुटावं तसंच ते त्या मुलाला वाटतं. या वयात स्वरयंत्र वाढतं. मुलग्यांमध्ये ते जास्त वाढतं, कंठमणी दिसायला लागतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. परिणाम असा की मुलग्याचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, हे आपण विसरतो. त्यांचा उतरतो तो दोन-तीन स्वरांतरांपुरता, पण मधल्या काळात त्यात हवा मिसळल्यासारखी होते, वरचे सूर पूर्वीसारखे स्वच्छ लागत नाहीत.

हा बदल एका रात्रीत होत नाही. अमेरिकेतले संगीतशिक्षक जॉन कुकसी यांनी १९७०च्या दशकात मुलग्यांच्या आवाजबदलाचे टप्पे नीट मांडले. त्यांच्या मांडणीतली आपल्या कामाची गोष्ट ही, की बदलाच्या मधल्या टप्प्यांत आवाजाचा आवाका आक्रसतो. वरचे सूर गेलेले असतात आणि खालचे अजून बसलेले नसतात. अनेक मुलग्यांना त्या महिन्यांमध्ये सप्तकभरसुद्धा आरामात फिरता येत नाही.

आता राष्ट्रगीत घ्या. त्याचा आवाका एका सप्तकाहून थोडाच अधिक आहे. मोठ्या माणसाला काहीच नाही. पण ज्याच्या हाताशी आज पाच-सहाच भरवशाचे सूर आहेत, अशा नववीतल्या मुलासाठी चुकीच्या पट्टीत सुरू झालेलं राष्ट्रगीतसुद्धा अवघड चढण आहे. तो गप्प बसतो आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो. कधी कधी त्याहून वाईट, त्याच्या देशप्रेमावर शंका घेतो.

आपल्या परंपरेला हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. संगीत नाटकाच्या काळात स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचा आवाज फुटणं म्हणजे त्याच्या पोटाचाच प्रश्न असे. गुरूकडे शिकणाऱ्या मुलाला या काळात वरच्या सुरांवर जोर द्यायला मनाई होई. खालच्या, मंद्र सप्तकातल्या सुरांवर हळूहळू काम करून घेतलं जाई. पलुसकरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी तर आवाजसाधनेचा शास्त्रीय अंगानं अभ्यास केला, त्यावर लिहिलं. मुंबईत १९२५ साली त्यांनी संगीतविद्यालय काढलं होतं. म्हणजे ज्ञान होतं, ते मराठीतही होतं. पण ते शाळेच्या वर्गापर्यंत आलं नाही. शाळेत आला तो फक्त निकाल : “तुझा आवाज भसाडा आहे, तू नुसते ओठ हलव.”

हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलं आहे? आम्ही जिथं जिथं बोलायला जातो तिथं हा प्रश्न विचारतो आणि सभागृहात हात वर होतातच. चाळिशी-पन्नाशीतली माणसं सांगतात की आठवी-नववीनंतर आपण कधी गायलोच नाही. एका बाईंनी, एका सरांनी, गॅदरिंगच्या तालमीत सहज म्हटलेलं वाक्य. म्हणणारा विसरून गेला आणि ऐकणारा आयुष्यभर गप्प राहिला. आज आम्ही ज्याची तक्रार करतो आहोत ती ही हानी. चांगले गायक कमी झाले अशी आमची तक्रार नाहीच. गवई कसेही घडतील. पण बाकीच्या माणसांचा स्वतःच्या गळ्यावरचा हक्क पंधराव्या वर्षी काढून घेतला जातो आणि त्याला आपण शिक्षण म्हणतो.

परीक्षांनी काय दिलं, काय नेलं

आता जरा मागं जाऊ. संगीत वर्गात बसून, फळा-खडू वापरून, ठरावीक अभ्यासक्रमानं शिकवता येतं ही कल्पना आपल्याकडे आपोआप आलेली नाही. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी १८८६ साली संगीतशाळा सुरू केली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. भातखंड्यांनी गावोगाव हिंडून चिजा जमवल्या, त्या स्वरलिपीत बसवल्या आणि क्रमिक पुस्तकांचे भाग काढले. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं ते त्यांच्याच प्रयत्नातून. ज्या काळात चीज मिळवायला वर्षानुवर्षं उस्तादांची सेवा करावी लागे, त्या काळात छापील पुस्तकातून बंदिश हाती येणं ही केवढी गोष्ट होती!

पलुसकर गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी जे मंडळ उभं केलं त्याच्या परीक्षा आज महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. या परीक्षांना नावं ठेवणं सोपं आहे आणि ते एव्हाना फॅशनही झालं आहे. आम्ही ते करणार नाही. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला गाणं शिकायचं तर “परीक्षा देते” हे घरच्यांना सांगता येण्यासारखं कारण या परीक्षांनी दिलं. लहान गावात विशारद झालेल्या बाईंना क्लास काढून चार पैसे मिळवता आले. हे ऋण मोठं आहे.

पण शाळेनं या परीक्षांचं काय केलं? शाळेनं आपलं काम त्यांच्यावर ढकललं. गेल्या काही वर्षांपासून दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, चित्रकला, लोककला यांतल्या प्रावीण्याबद्दल वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला आहे. लोककलेला त्यात जागा मिळाली, हेही चांगलं झालं. पण व्यवहारात बघा काय होतं. गुण शाळेच्या परीक्षेत, शिक्षण शाळेबाहेर, आणि फी पालकांच्या खिशातून! ज्या मुलाच्या घरी महिन्याची फी परवडते, ज्याच्या गावात क्लास आहे, त्याच्या टक्केवारीत भर पडते. ज्याच्या गावात क्लासच नाही, त्याच्या शाळेत तर संगीतशिक्षकही नाही. जे आपण शिकवत नाही त्याचे गुण देणारी शाळा प्रत्यक्षात पालकांच्या ऐपतीलाच गुण देत असते. याचा आणखी एक परिणाम आम्ही क्लासमध्ये रोज बघतो. मूल विचारतं, “सर, गुण मिळायला किती परीक्षा लागतात?” तेवढ्या परीक्षा झाल्या की पेटी कपाटावर जाते.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाच्या क्रमाची. या परीक्षांत प्रात्यक्षिक आहे आणि शास्त्रही आहे. नाद म्हणजे काय, थाट किती, वादी-संवादी म्हणजे काय. मुलं हे पाठ करतात. आम्हाला अशी पुष्कळ मुलं भेटतात जी भूप रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, गानसमय धडाधडा सांगतात. पण तानपुऱ्याचा सा बदलून दिला, तर तो बदलला हे त्यांच्या कानाला कळत नाही. व्याख्या आधी आली, अनुभव मागं राहिला. एक गमतीदार उदाहरण सांगतो. स्वराच्या डोक्यावर बिंदू दिला तर भातखंडे पद्धतीत तो तार सप्तकाचा सूर. पलुसकर पद्धतीत मात्र डोक्यावरचा बिंदू म्हणजे मंद्र. एकच खूण, एका वहीत वर चढायला सांगते आणि दुसऱ्या वहीत खाली उतरायला. ज्याचा कान तयार आहे त्याला याचा काही त्रास होत नाही, दोन मिनिटांत तो सांभाळून घेतो. ज्याचं संगीत वहीतच आहे तो मात्र पुस्तक बदललं की हरवतो. लिपी ही सोय आहे. वर्गात तिचा विषय होऊन बसला आहे.

असं सांगतात की तानसेन घडले नाहीत तरी चालेल, कानसेन घडावेत, असा पलुसकरांचा आग्रह होता. त्यांच्या नावानं चालणाऱ्या व्यवस्थेला शाळेनं जे रूप दिलं त्यात कानसेन कुठं घडतो, हे आम्हाला अजून सापडलेलं नाही.

कुणाचं संगीत ‘संगीत’ ठरतं

तिसरा मुद्दा जरा अवघड आहे. जानकी बखले यांचं ‘टू मेन अँड म्युझिक’ हे २००५ सालचं इंग्रजी पुस्तक पलुसकर-भातखंड्यांच्या कामाकडे टीकेच्या नजरेनं बघतं. संगीत राष्ट्रीय आणि प्रतिष्ठित करताना कोण कोण बाहेर राहिलं, मुसलमान उस्तादांचं काय झालं, हे प्रश्न ते विचारतं. त्यातलं सगळं पटावं असं नाही. पण त्यातला प्रश्न शाळेच्या दारात आणून ठेवा आणि बघा काय दिसतं.

नववीच्या वर्गात एक मुलगा आहे. घरी माळ आहे, गावात भजनी मंडळ आहे. सहा वर्षांचा असल्यापासून तो टाळ धरतो, आता पखवाजावर भजनी ठेका वाजवतो. चाल कुठं बदलायची, कुठं लय चढवायची, हे त्याला बसल्या जागी कळतं. दुसरा एक मुलगा हलगी वाजवतो. एका मुलीच्या आजीला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ आहेत आणि तिलाही निम्म्या येतात. शाळेच्या नोंदीत या तिघांच्या नावापुढं काय असतं? काही नाही. त्यांना संगीत ‘येत नाही’, कारण शाळेत संगीत म्हणजे पेटीवर बसवलेलं समूहगीत, नाहीतर राग. वाढीव गुणांसाठी लोककला कागदावर मान्य झाली तरी तासिकेत ती आलेली नाही.

आणि गंमत बघा, वर्गाला जे हवं आहे ते नेमकं या बाहेरच्या संगीतात आहे. भजनाची रचना आठवा. एकजण चाल सांगतो, बाकीचे उचलतात. भजनातली पट्टीसुद्धा काही खाली नसते, चांगली चढी असते. पण ज्याचा आवाज चढत नाही तो टाळ सांभाळतो, शेवटचं पद धरतो, ठेका राखतो. आवाज फुटला म्हणून कोणाला रांगेतून बाहेर काढत नाहीत. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथंही मुलं एकत्र बसूनच शिकली. म्हणजे चाळीस जणांना एकत्र, कोणालाही न वगळता शिकवण्याची रीत शोधायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. ती शाळेच्या कुंपणापलीकडे, देवळात रोज संध्याकाळी चालू असते.

कागदावरचं संगीत

तुम्ही म्हणाल, सरकारी धोरण काय म्हणतं? धोरण फार छान बोलतं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं कलाशिक्षण दहावीपर्यंत सर्वांना असावं असं सांगितलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की अभ्यासाचे विषय आणि अवांतर विषय अशी भिंत नको. आपल्याकडे नववी-दहावीला ‘स्वविकास व कलारसास्वाद’ नावाचं पुस्तक आहे. नाव मोठं आशादायक आहे. रसास्वाद हा शब्द तर कानसेनाच्या जवळचा. पण हा श्रेणीचा विषय. ज्याची फक्त श्रेणी लागते त्या विषयाचा तास दहावीत कोणाला दिला जातो, हे इथं बसलेल्या शिक्षकांना सांगायला नको. विज्ञानाचा भाग राहिला की तो तास पहिला जातो.

शिक्षकांचं काय? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी तरतूद आहे. शाळेत शंभराहून अधिक मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक. अंशकालीन! आणि ‘कला’ या एका शब्दात चित्र, गाणं, नाच, नाटक सगळं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो माणूस चित्रकलेचा असतो, कारण चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची घडी शाळेत बसलेली आहे. चित्रकलेच्या शिक्षकांबद्दल आमची काही तक्रार नाही. उलट, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. चित्रकलेच्या तासाला वर्गातलं प्रत्येक मूल कागदावर काहीतरी काढतं. “तुझी रेघ वाकडी येते, तू नुसता ब्रश हलव,” असं कोणी म्हणत नाही.

मग तासात करायचं काय?

नुसती टीका करून उठणं बरं नाही. पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस-पन्नास मुलं, पेटी असेल-नसेल. अशा वर्गात आम्ही काय करून बघतो ते सांगतो. यात आमचा शोध म्हणावं असं काही नाही.

पहिलं काम पट्टीचं. वर्गाला एकच सा देऊ नका. मुली आणि आवाज न बदललेले मुलगे एका पट्टीत. आवाज बसलेले मुलगे त्याच सुरांवर एक सप्तक खाली. दोन्ही एकत्र गाता येतं, कानाला गोड लागतं. राहिले मधले, ज्यांचं आत्ता चालू आहे. त्यांच्यासाठी चार-पाच सुरांत बसेल अशी वेगळी ओळ द्या. ध्रुवपदाचा शेवट, एखादा धरून ठेवायचा सूर, मधला प्रतिसाद. दर महिन्याला पुन्हा ऐका, कारण त्यांचा सूर सरकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्गाला उघडपणे सांगा की हे घशात असं असं होतं, सगळ्यांचं होतं, काही महिन्यांत बसतं. जीवशास्त्राच्या तासाला हे सांगायची सोय आहेच. हसणं निम्मं कमी होतं.

दुसरं, ताल. तालाला गळा लागत नाही. दादरा सहा मात्रांचा, केहरवा आठ, रूपक सात, तीनताल सोळा. टाळी-खाली हातावर धरता आली पाहिजे. रूपकाची सुरुवातच खालीनं होते, हे कळलं की मुलांना मोठी मौज वाटते, “सर, पहिलीच मात्रा रिकामी?” त्या प्रश्नापासून पुढं अर्धा तास जातो. इथं तो भजनी ठेक्यावाला आणि हलगीवाला शिक्षकाच्या जागी येऊ द्या. एक दिवस त्यांनी वर्गाला शिकवावं.

तिसरं, ऐकणं. इथं आमच्यातल्याच काही जणांचा आक्षेप असतो की मुलं मोबाईलवर दिवसभर ऐकतच असतात, आणखी काय ऐकवायचं? ऐकणं आणि कानावर पडणं यात फरक आहे. ‘सैराट’ २०१६ चा. त्यातलं ‘झिंगाट’ ज्याला पाठ नाही असं मूल आजही वर्गात सापडणं कठीण. अजय-अतुल यांनी त्या चित्रपटासाठी अमेरिकेत जाऊन मोठा वाद्यवृंद वापरला. ‘झिंगाट’ एकदा नाचण्यासाठी नको, मोजण्यासाठी ऐका. मग त्याच चित्रपटातलं एखादं संथ गाणं लावा आणि फक्त एवढंच विचारा, मागं कोणती वाद्यं आहेत, ती कधी येतात, कधी गप्प होतात? मुलं तिसऱ्यांदा लावायला सांगतात. ज्याला गप्प होणारं वाद्य ऐकू आलं, त्याच्यासमोर महिन्याभरानं ख्यालातला षड्ज ठेवायला हरकत नाही. तो पळून जात नाही.

आता ठरलेला आक्षेप, “दहावीला वेळ कुठे आहे?” आठवड्याला एक तास. तो वेळापत्रकात आजही आहे, फक्त तो दुसऱ्यांच्या ताब्यात आहे. आणि “शिक्षक कुठे आहे?” या प्रश्नाला आमचं उत्तर अर्धंच आहे, हे मान्य. पट्टी बदलणं, ताल धरणं, ऐकवणं एवढं कोणताही कानानं बरा असलेला वर्गशिक्षक करू शकतो. गावातले भजनी बुवा, शाहीर, बँडवाले यांना महिन्यातून एकदा बोलावता येतं. स्पिक मॅके १९७७ पासून मोठ्या कलावंतांना शाळा-कॉलेजात नेते आहे. तसं आपल्या वेशीवरच्या कलावंताला बोलवायला काय अडचण? पण याच्या आधारानं कोणी “बघा, शिक्षकाशिवाय भागतं” असं म्हणणार असेल तर आमचा त्याला विरोध आहे. पूर्णवेळ, प्रशिक्षित संगीतशिक्षकाचं पद हीच खरी मागणी. बाकी सगळं ते पद मिळेपर्यंतची तजवीज.

शेवटी एक कसोटी

समारोप लांबवत नाही. एखाद्या शाळेत संगीत शिकवलं जातं की नाही हे कसं ओळखायचं? स्पर्धेच्या ढाली मोजू नका. गॅदरिंगचा व्हिडिओ बघू नका. विशारद झालेले किती, हेही विचारू नका. मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा. “तुमच्या नववीत ज्या मुलाला अजिबात गाता येत नाही, त्याच्यासाठी संगीताच्या तासात काय आहे?”

उत्तरादाखल काही नेमकं सांगितलं गेलं, ताल, टाळ, चार सुरांची ओळ, ऐकण्याचा तास, काहीही, तर तिथं शिक्षण चालू आहे असं समजा. आणि “त्याला आम्ही प्रेक्षकांत बसवतो” असं उत्तर आलं तर त्या शाळेत संगीत आहे, संगीतशिक्षण नाही.

इथं ऐकणाऱ्यांत पालक आहेत, शिक्षक आहेत, काही नववी-दहावीतली मुलंही असतील. त्या मुलांना एवढंच सांगतो : आवाज फुटला म्हणजे गाणं संपलं असं कोणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. सहा-आठ महिने खालच्या सुरात, हळू, रोज थोडं गात राहा. घसा दुखला की थांबा. नवा आवाज येतो आहे. तो कसा आहे हे तुम्हाला अजून ठाऊक नाही, आणि तुम्हाला नुसते ओठ हलवायला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

आता प्रश्न घेऊ या.